रात्री बंद केलेला फोन सकाळी ९ टक्के उतरलेला, आणि चार्जिंगला लावलेला ८० वरच अडकलेला: दोन्हींची तपासणी

तक्रार जवळपास एकाच धाटणीत येते. रात्री ११ वाजता फोन ८० टक्क्यांवर बंद केला, सकाळी ७ ला चालू केला तर ७१. मध्ये कोणी हात लावला नाही, चार्जर नाही, काही नाही. मग ९ टक्के गेले कुठे? दुसरी तक्रार याच्या उलट: रात्रभर पिन लावून ठेवली, सकाळी बघतो तर फोन ८० वर थांबलेला, वर कोमट. आठवडाभर ठीक चालतं, पुन्हा तेच. दोन्हींचं उत्तर एकाच जागी आहे. बंद फोन आणि चार्जिंगला लावलेला फोन नेमकं काय करतो हे एकदा कळलं की अर्धे संशय आपोआप गळून पडतात.

आधी हिशेब करा, दुकान नंतर

बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची धरू. ९ टक्के म्हणजे ४५० मिलिअँपिअर-तास. ते ८ तासांत गेले, म्हणजे सरासरी ५६ मिलिअँपिअर सतत वाहत होते. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. चालू असलेला, स्क्रीन बंद करून टेबलावर ठेवलेला धडधाकट अँड्रॉइड फोन ताशी साधारण अर्धा ते एक टक्का घेतो, म्हणजे २५ ते ५० मिलिअँपिअर. तुमचा बंद फोन चालू फोनपेक्षाही जास्त खातोय, असा याचा अर्थ होतो.

खरोखर बंद असलेल्या फोनमध्ये जागं काय राहतं? घड्याळ चालवणारं सर्किट, पॉवर बटण दाबलं जातंय का यावर लक्ष ठेवणारा पॉवर आयसीचा (विजेचं वाटप सांभाळणाऱ्या चिपचा) छोटा भाग, आणि बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट. या सगळ्यांची मिळून भूक एका मिलिअँपिअरच्या काही भागाइतकी. समजा ०.२ मिलिअँपिअर धरली, तर ८ तासांत १.६ मिलिअँपिअर-तास, म्हणजे ०.०३ टक्के. लिथियम-आयन पेशीची स्वतःची झीज, म्हणजे न वापरताही आपोआप उतरणारा चार्ज, महिन्याला एक-दोन टक्क्यांच्या घरात असते. एका रात्रीत ती दिसणारच नाही.

म्हणून ९ टक्क्यांमागे तीनच शक्यता उरतात. फोन बंद नव्हताच. किंवा बंद होता, पण आकडा खोटा आहे. किंवा बोर्डावर खरी गळती आहे. याच क्रमाने तपासा, कारण पहिल्या दोन तपासण्या घरी बसून फुकट होतात आणि बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो. तिसरीसाठी फोन उघडावा लागतो.

पहिली शक्यता: फोन बंद झालाच नव्हता

हास्यास्पद वाटेल, पण हे फार होतं. गेल्या काही वर्षांत बहुतेक कंपन्यांनी पॉवर बटणाचा अर्थ बदलला. बटण दाबून धरलं की पूर्वी बंद करण्याचा मेनू यायचा, आता कित्येक मॉडेलांत बोलणारा सहाय्यक उघडतो. घरातले आजोबा बटण दाबून धरतात, स्क्रीनवर काहीतरी येतं, मग ते पुन्हा बटण दाबतात, स्क्रीन काळी होते, झालं. फोन रात्रभर चालूच. अशा फोनांत पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबायचं असतं, किंवा वरून पट्टी खाली ओढून तिथलं पॉवरचं चिन्ह दाबायचं. नव्या आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं कोणतंही एक बटण एकत्र धरायचं, मग पट्टी सरकवायची.

दुसरा प्रकार: बंद नीट केला, पण तो स्वतः चालू झाला. कारणं बघा.

वेळेनुसार चालू-बंद होण्याची सोय अनेक अँड्रॉइड फोनांत असते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘शेड्यूल’ किंवा ‘पॉवर ऑन’ टाइप करा. एकदा कोणीतरी सकाळी ५ ला चालू हो म्हणून लावलेलं असतं आणि विसरलेलं असतं.

पॉवर बटण आत रुतलेलं असतं. कव्हर घट्ट असेल तर ते बटणावर सतत दाब देतं. फोन बंद केला की काही सेकंदांत कंप पावून पुन्हा चालू होतो. कव्हर काढून एक रात्र ठेवा. फरक पडला तर आणखी खोलात जायची गरज नाही.

आयफोनची तर रीतच आहे: बंद असताना चार्जर लावला की तो स्वतः चालू होतो. त्यामुळे ‘बंद करून चार्जिंगला लावला’ हे वाक्य आयफोनबाबत खरं नसतं. आधी चार्जरला जोडून मगच बंद करावा लागतो. आणि त्यातही मध्यरात्री लाइट जाऊन आली, की फोनच्या दृष्टीने चार्जर नव्याने लागल्यासारखंच होतं.

फोन खरंच रात्रभर बंद होता का, हे पकडायच्या दोन युक्त्या. पहिली: सकाळी फोन चालू केल्या केल्या सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडा, त्यात ‘स्थिती’खाली ‘अप टाइम’ दिसतो. फोन शेवटचा चालू झाल्यापासून किती वेळ झाला ते तिथे लिहिलेलं असतं. दोन-तीन मिनिटं असेल तर ठीक. ५ तास असतील तर फोन पहाटे २ पासून जागा होता. दुसरी युक्ती आयफोनलाही चालते: रात्री दुसऱ्या फोनवरून रिंग देऊन बघा. फोन रीतसर बंद होताना ‘मी चाललो’ असं नेटवर्कला कळवून जातो, म्हणून लगेच बंद असल्याची सूचना ऐकू येते. घंटी वाजली तर विषय संपला.

आयफोनबद्दल एक वेगळी गोष्ट. २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १५ पासून आयफोन ११ आणि पुढची बरीच मॉडेलं बंद केल्यावरही थोडा वेळ सापडू शकतात; एसई मॉडेलं मात्र यात नाहीत. बंद करायच्या पडद्यावर पट्टीखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंच असतं. ब्लूटूथचा अगदी छोटा संकेत अधूनमधून सुटतो, आजूबाजूचे ॲपलचे फोन तो टिपतात. गूगलनेही पिक्सेल ८ पासून अशी सोय दिली आहे. यासाठी लागणारी वीज इतकी किरकोळ की ९ टक्क्यांचा आळ तिच्यावर घेता येत नाही. कोणी सांगितलं की हे बंद करा, बॅटरी वाचेल, तर हसून सोडून द्या. रात्री इंदूरच्या सराफा बाजारातल्या गर्दीत फोन गेला, तर हाच संकेत उपयोगी पडेल.

दुसरी शक्यता: आकडाच खोटा

बॅटरीत किती चार्ज आहे हे फोन मोजत नाही, अंदाजतो. आत एक मोजणी आयसी असतो. तो आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह जमा-खर्चासारखा लिहीत जातो आणि मधूनमधून व्होल्टेज बघून स्वतःची चूक सुधारतो. फोन बंद असताना ही वही बऱ्याच फोनांत नीट चालत नाही. सकाळी चालू केला की तो मुख्यतः व्होल्टेजवरून नवा अंदाज बांधतो. रात्रीचा ८० आणि सकाळचा ७१ हे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आकडे असू शकतात. नवी बॅटरी असेल तर ते जुळतात. दोन-तीन वर्षं वापरलेली, किंवा बाजारातून स्वस्तात बसवलेली बॅटरी असेल तर जुळत नाहीत. डुप्लिकेट बॅटरीत हा दोष जास्त, कारण फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला तक्ता मूळ पेशीचा असतो.

त्यात फोन चालू होण्याचा खर्च वेगळा. बूट होताना प्रोसेसर पूर्ण जोरात, स्क्रीन पेटलेली, नेटवर्क शोधणं सुरू. मग पहिली दहा मिनिटं सगळी ॲप रात्रीचे निरोप ओढून घेतात. एक ते दोन टक्के इथेच जातात आणि आपण ते रात्रीच्या खात्यावर लिहितो.

हे टाळायचं असेल तर आकडा बूट होण्याआधी बघा. अँड्रॉइड फोन बंद असतानाच चार्जर लावा. मोठं बॅटरीचं चित्र येतं, त्यावर टक्के दिसतात. वाचा आणि पिन काढा. रात्री बंद केल्यावरही असंच, बंद अवस्थेतलाच आकडा घ्या. बंदशी बंद ताडून बघितलं की निम्म्या ‘गळत्या’ गायब होतात.

(त्या चित्राबद्दल: बंद फोन चार्जिंगला लावल्यावर आत अगदीच काही चालत नाही असं नाही. लिनक्सचा गाभा चालू होतो आणि एक छोटा प्रोग्राम ते चित्र रंगवतो, तापमान बघतो, चार्जिंग सांभाळतो. पण अँड्रॉइड उठलेलं नसतं. सिम नाही, वाय-फाय नाही, ॲप नाहीत.)

तीन रात्रींची चाचणी

कागद-पेन घ्या, डोक्यात ठेवलेले आकडे चौथ्या दिवशी सोयीप्रमाणे बदलतात. प्रत्येक रात्री फोन ७० ते ८० टक्क्यांच्या मध्ये हवा. १०० वरून सुरुवात करू नका, कारण बरेच फोन चार्जर काढल्यावरही काही वेळ १०० च दाखवत राहतात. चार्जर काढल्यावर अर्धा तास जाऊ द्या, म्हणजे पेशीचं व्होल्टेज स्थिरावतं. मग आकडा लिहा. ८ तासांनी पुन्हा.

पहिली रात्र, फोन चालू आणि फ्लाइट मोडवर, वाय-फाय आणि ब्लूटूथही हाताने बंद. धडधाकट फोन १ ते २ टक्के उतरेल. दुसरी रात्र, फोन बंद, आकडे वर सांगितल्याप्रमाणे चार्जिंगच्या चित्रावरून. ० किंवा १ यायला हवा. तिसरी रात्र, नेहमीसारखा चालू, सिम आणि वाय-फायसकट. ४ ते ८ टक्के हे सामान्य. घरात नेटवर्क कमकुवत असेल तर थोडं अधिक.

आता वाचन. बंद रात्री ० ते १ आणि नेहमीच्या रात्री १५, तर प्रश्न ॲपचा किंवा नेटवर्कचा आहे: सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडा, सर्वात वरच्या दोन-तीन नावांकडे बघा. फ्लाइट मोडच्या रात्रीही १० टक्के गेले पण बंद रात्री नाही, तर काहीतरी प्रोसेसरला झोपू देत नाही. फोनच्या चार्जिंगच्या तोंडातला कचरा किंवा ओल हे त्याचं एक कारण, खाली येतंच आहे. बंद रात्रीही ४-५ टक्क्यांहून जास्त गेले, आणि सलग दोनदा गेले, तर ती खरी गळती. सॉफ्टवेअर अपडेट, फॅक्टरी रिसेट, ‘बॅटरी डॉक्टर’ छापाची ॲप, यांपैकी काहीही तिथे चालणार नाही, कारण त्या वेळी सॉफ्टवेअर चालूच नव्हतं. रिसेट मारून फोटो घालवून बसणारे लोक या टप्प्यावर सापडतात.

तिसरी शक्यता: खरी गळती

आधी हात लावून बघा. ५६ मिलिअँपिअर म्हणजे साधारण ०.२ वॉट, बोटाला जेमतेम कळेल. २०० मिलिअँपिअर असेल तर पाऊण वॉटच्या आसपास, आणि एका ठिकाणी स्पष्ट कोमट लागेल. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीखालच्या खोलीत सगळंच कोमट लागतं, म्हणून शेजारी दुसरा बंद फोन रात्रभर ठेवा आणि सकाळी दोन्हींच्या पाठी एकापाठोपाठ हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. मधल्या भागात बॅटरी असते, वरच्या भागात मुख्य बोर्ड, खालच्या टोकाला चार्जिंगची पट्टी. ऊब कुठे आहे ते लक्षात ठेवून कारागिराला सांगा, त्याचा अर्धा तास वाचतो.

पाठ फुगली असेल, स्क्रीन एका कडेने उचलली गेली असेल, तर चाचण्या वगैरे सोडा. चार्जिंग बंद, फोन बंद, थेट बॅटरी बदलायला. फुगलेली बॅटरी दाबून बसवायचा प्रयत्न करू नये.

गळतीचं नेहमीचं कारण ओल. पावसाळा आहेच, पण इंदुरात आणखी एक हंगाम असतो: रंगपंचमी. राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आलेला फोन वरून पुसला की लोक निर्धास्त होतात. गुलालाची बारीक पूड आणि रंगाचं पाणी चार्जिंगच्या तोंडात, सिमच्या कप्प्यात आणि स्पीकरच्या जाळीत बसतं. दोन-तीन आठवड्यांनी टाइप-सीच्या पिनांवर हिरवट थर चढतो. टाइप-सीमध्ये कोणतं उपकरण जोडलंय हे ओळखणाऱ्या दोन पिना असतात. त्यांच्यावर असा थर आला की फोनला भास होतो की पेनड्राइव्हसारखं काहीतरी जोडलंय. तो त्याला वीज द्यायला बघतो, झोपत नाही, मधूनच ‘यूएसबी जोडले’ अशी सूचना चमकते. ही चालू अवस्थेतली गळती. पाणी बोर्डापर्यंत पोचलं असेल तर बॅटरीच्या मुख्य लाइनवरचा एखादा कपॅसिटर अर्धवट शॉर्ट होतो, आणि मग फोन बंद असला तरी वीज वाहतच राहते.

चार्जिंगचं तोंड साफ करणं घरी जमतं. फोन बंद. उजेडात तोंड बघा. दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक आणखी बारीक करून कचरा बाहेर ओढा. सुई नको, टाचणी तर मुळीच नको. मऊ, कोरडा, बारीक ब्रश ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून दोन-तीनदा फिरवा. अर्धा तास उघडं ठेवा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. तोंडाने फुंकरही नको, थुंकीची वाफ जाते.

यानेही बंद रात्रीची गळती थांबली नाही तर जेल रोड. नॉव्हेल्टी किंवा डॉलर मार्केटच्या गल्ल्यांत बोर्डावर काम करणारे आणि नुसते स्क्रीन-बॅटरी बदलणारे, दोन्ही बसतात. ओळखायची खूण सोपी: टेबलावर मायक्रोस्कोप आणि डीसी पॉवर सप्लाय आहे का. काउंटरवर हे वाक्य पुरतं: ‘भैया, फोन बंद रहते बैटरी उतर रही है, डीसी सप्लाई पर लीकेज देख दो, पॉवर बटन दबाए बिना.’ शेवटचे शब्द महत्त्वाचे.

तो काय करेल ते माहीत असावं. बॅटरीचा कनेक्टर काढून सप्लायवर साधारण ४ व्होल्ट लावले जातात. पॉवर बटण दाबण्याआधी मीटरवर शून्य हवं. तिथे ०.०५६ अँपिअर दिसलं, तर आपला घरचा हिशेब तंतोतंत जुळला. मीटर तीन दशांश दाखवणारा हवा. दोनच दशांशांचा जुना सप्लाय ५ मिलिअँपिअरची गळती शून्य म्हणून दाखवतो आणि ‘बोर्ड ओके है’ असं उत्तर मिळतं. ५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, जवळपास अडीच टक्के.

मीटरवर प्रवाह दिसला की एकेक पट्टी काढत जायचं: आधी खालची चार्जिंगची पट्टी, मग बटणांची, मग कॅमेरे, मग स्क्रीन. एखादी काढताच मीटर शून्यावर आला तर तोच भाग दोषी, आणि खर्च आवाक्यात राहतो. सगळं काढूनही प्रवाह तसाच, तर दोष बोर्डावर. मग थर्मल कॅमेऱ्याने किंवा रोझिनचा धूर देऊन तापणारा भाग शोधतात. धुराचा पांढरा थर जिथे आधी वितळतो तो कपॅसिटर किंवा आयसी. बॅटरीच्या लाइनवर थेट बसलेले भाग संशयात पुढे असतात: नेटवर्कचं पॉवर ॲम्प्लिफायर, चार्जिंग आयसी, स्पीकरचा ॲम्प्लिफायर. कोणी ‘शॉर्ट किलर’ मारून देतो म्हणालं तर नको म्हणा. त्यात जोराचा प्रवाह घुसवून शॉर्ट जाळून टाकतात. कधी शॉर्ट जळतो, कधी त्याच्या वाटेतलं इतर काही. आणि मीटरवर शून्य आलं, तर दोष बोर्डात नाही, बॅटरीत आहे. बॅटरी बाजूला काढून व्होल्टेज मोजायचं, रात्रभर सुटी ठेवायची, सकाळी पुन्हा मोजायचं. सुटी राहूनही व्होल्टेज पडलं तर बदला.

दुकानात फोन सोडायच्या आधी बॅकअप घ्या. आता बॅकअपचा विषय निघालाच आहे.

चार्जिंगला लावलेला फोन: रात्रपाळी

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन न हलवता स्क्रीन बंद करून ठेवला की गाढ झोपेत जातो; ॲपना ठरावीक वेळीच जागं होऊ दिलं जातं. पण अट अशी की चार्जर लागलेला नसावा. चार्जर लागला की ही झोप नाही. उलट, दिवसभर टाळलेली जड कामं नेमकी याच वेळेसाठी राखून ठेवलेली असतात. ‘चार्जिंगवर आहे, वाय-फायवर आहे, कोणी वापरत नाही’ या तिन्ही अटी जुळल्या की रांग सुटते.

गूगलचा बॅकअप या अटी साधारण दोन तास जुळल्यावर सुरू होतो. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप पहाटे २ वाजता फोनमध्येच बॅकअप बनवतं. प्ले स्टोअर ॲप अपडेट करतं. नेहमी वापरातली ॲप लवकर उघडावीत म्हणून सिस्टिम त्यांचा कोड नव्याने तयार करून ठेवते. साठवणुकीची साफसफाई पहाटे ३ च्या सुमारास चालते. आयफोन लॉक असताना, चार्जरवर, वाय-फायवर आयक्लाउड बॅकअप घेतो, फोटोंमधले चेहरे ओळखत बसतो. मोठा सिस्टिम अपडेट झाल्यावर हे काम काही रात्री चालतं, आणि ‘अपडेटनंतर फोन तापतो’ या तक्रारीचा मोठा भाग हाच. तीन-चार रात्री जाऊ द्या, मगच काही करायचं ते करा.

म्हणून पहाटे चार्जिंगवरचा फोन कोमट लागला तर तो बिघाड नाही. आमचं स्पष्ट मत आहे की ही कामं बंद करण्याच्या नादी लागू नये. ती कधीतरी होणारच. रात्री भिंतीतल्या विजेवर झाली नाहीत तर दिवसा बॅटरीवर होतील, किंवा होणारच नाहीत. बॅटरी टिकावी म्हणून रोज फोन बंद करूनच चार्जिंगला लावायची सवय इंदूरच्या रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या कित्येक घरांत ज्येष्ठांना आहे. त्यांच्या फोनला ही रात्रपाळी मिळतच नाही. वर सांगितलं तसं, बंद अवस्थेत अँड्रॉइड उठतच नाही. परिणाम असा की फोन हरवल्यावर कळतं, शेवटचा बॅकअप कित्येक महिन्यांपूर्वीचा आहे. आठवड्यातून दोन रात्री तरी फोन चालू, वाय-फाय चालू आणि ‘व्यत्यय नको’ लावून चार्जिंगला असावा.

८० वर का अडकतो

चार कारणं, आणि वेगवेगळी ओळखता येतात.

मुद्दाम थांबवलेला: आयओएस १३ (२०१९) पासून आयफोन तुमची उठायची वेळ शिकतो, ८० पर्यंत भरून थांबतो आणि उठण्याआधी उरलेलं भरतो. पिक्सेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अशी सोय आली, तेव्हा ती रात्री ९ नंतर लावलेल्या चार्जरला आणि पहाटे ५ ते १० मधल्या गजराला बांधलेली होती. रोज ७ ला उठणारा माणूस एखाद्या दिवशी पुण्याची गाडी पकडायला ४ ला उठला, तर फोन ८० वरच सापडणार. लॉक स्क्रीनवर किती वाजता पूर्ण होईल ते लिहिलेलं असतं. तिथेच दाबून ‘आत्ताच भरा’ निवडता येतं.

मर्यादा लावलेली: आयफोन १५ आणि पुढे, तसंच सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत ८० किंवा ८५ ची कायमची मर्यादा ठेवता येते. मुलाने सुट्टीत येऊन ‘बॅटरी चांगली राहील’ म्हणून लावून दिलेली असते. रोज न चुकता त्याच आकड्यावर थांबत असेल तर हेच.

उष्णता: रोज वेगळ्या आकड्यावर थांबतो, आणि उन्हाळ्यात जास्त. ॲपल भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंतच असावं असं सांगतं. मे महिन्यात इथे दुपारी ४० च्या पुढे जातं आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. त्यात फोन उशीखाली, जाड कव्हरसकट, आणि आत बॅकअप चालू. फोन चार्जिंग थांबवतो किंवा अगदी सावकाश करतो. बरोबरच करतो. कव्हर काढा, गादीवरून उचलून फरशीवर किंवा कडाप्प्याच्या ओट्यावर पालथा ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या. वायरलेस चार्जर उन्हाळ्यापुरता बाजूला ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायची कल्पना सोडा; बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि मग वरचा गळतीचा सगळा अध्याय.

चौथं, पुरवठा कमी: ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास मावतात. वाया जाणारं धरून भिंतीतून २३-२४ लागतात. १० वॉटच्या चार्जरने अडीच-तीन तास, जुन्या ५ वॉटच्याने पाच तास. म्हणजे ५ वॉटचाही रात्रीत पुरायला हवा. पुरत नसेल तर केबल किंवा पिन संशयित. यूएसबी टेस्टर मिळाला तर मध्ये लावून बघा: बॅटरी ५० टक्क्यांच्या खाली असताना ५ व्होल्टवर १.५ ते २ अँपिअर दिसायला हवेत. ०.४-०.५ दिसलं तर केबल बदलून पुन्हा. स्वतःचं वेगळं फास्ट चार्जिंग असलेल्या फोनला दुसऱ्या कंपनीची केबल लावली तर तो साध्या वेगावर येतो. तो बिघाड नव्हे. टाइप-सी ते टाइप-सी केबलने फोन पॉवर बँकेला जोडून झोपलात, तर दिशा एकदा तपासा. कधी कधी फोनच पॉवर बँकेला चार्ज करत बसतो आणि सकाळी पॉवर बँक भरलेली, फोन रिकामा.

भिंतीवरच्या बोर्डाचा खटका बंद आणि पिन फोनला तशीच लावलेली, याने बॅटरी उलटी उतरते का, असं पुष्कळ जण विचारतात. चार्जिंग सर्किट ती वाट अडवून ठेवतं, त्यामुळे साध्या चार्जरने नाही. विजेच्या बिलाची काळजी असेल तर तीही सोडा: वर काढलेल्या २४ वॉट-तासांच्या हिशेबाने एका युनिटमध्ये फोन शून्यापासून पूर्ण सुमारे ४० वेळा भरतो.

एक शेवटचं प्रकरण, कारण ते फसवं आहे. जुना फोन बंद करून कपाटात टाकलेला, सहा महिन्यांनी काढला तर उठतच नाही. ही गळती नव्हे. १०-१५ टक्क्यांवर ठेवलेला असेल तर पेशीची झीज आणि घड्याळाची भूक मिळून तो तळाशी जातो आणि संरक्षण सर्किट बॅटरी तोडून टाकतं. साध्या ५ वॉटच्या चार्जरला लावून तासभर तसाच राहू द्या. पहिली वीस-तीस मिनिटं स्क्रीनवर काहीच येणार नाही. ठेवायचाच असेल तर ५० टक्क्यांवर बंद करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ५० वर आणा.